फितीवर वेगळे राहिलेले सूर

दहिसरला रुळांजवळच्या वर्गात आपण मुलांचे गाणे टेपरेकॉर्डरवर घेतले, तर गाण्याबरोबर लोकलही मुद्रित होते. मायक्रोफोनच्या पडद्याशी सर्व ध्वनिलहरींची बेरीज होते. ती पुन्हा सुटी करणे अवघड.

जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत आला. तिथेही रस्त्यावरचा आवाज आत येई! यंत्र मोनो होते. त्याच्यासाठी दोन ट्रॅकचे यंत्र कलकत्त्याहून आगगाडीने आणले गेले. ‘द इनर लाइट’ची वाद्ये, त्यांत हरिप्रसाद चौरसियांची बासरी, इथे मुद्रित झाली. गायन फेब्रुवारीत लंडनला झाले. मुंबईच्या मूळ मुद्रणात गळा नव्हताच. त्यामुळे पन्नास वर्षांनी, २०१८ साली, नुसत्या वाद्यांचे अप्रकाशित मुद्रण श्रोत्यांसमोर आणता आले.

जॉन लेननच्या घरगुती कॅसेटवर मात्र गळा आणि पियानो एकत्रच होते. विजेची गुणगुण ठरावीक वारंवारतेची असते, ती बरीचशी गाळता येते. पण गळ्याच्या आणि पियानोच्या वारंवारता एकमेकींत मिसळतात; गाळणी लावली तर दोन्ही जातात. १९९५ मध्ये बीटल्सनी हा प्रयत्न सोडून दिला. पुढे दोहोंच्या आवाजाची ठेवण संगणकाला शिकवली, तेव्हा गळा सुटा झाला आणि २०२३ मध्ये ‘नाऊ अँड देन’ प्रसिद्ध झाले.