फळ्याच्या जागी पडदा आला. वर्गाबाहेर कोण राहिले?

बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसून शिकले. आज तसे गोणपाट कोणी अंथरायला लावत नाही. पण २०२० च्या टाळेबंदीत कन्हानच्या कामगार वस्त्यांत आम्ही नवे गोणपाट पाहिले. घरात मोबाईल एकच, आणि तो बापाबरोबर कामावर जायचा. ऑनलाईन वर्ग मात्र सकाळीच भरायचा! 'बाहेर बसा' असे त्या लेकरांना कोणी म्हणाले नाही. तरी ती बाहेरच राहिली.

म्हणून तंत्रज्ञानच वाईट, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. मोबाईलवर जग पाहणाऱ्या पिढीला नुसती घोकंपट्टी पुरणार नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. कोड मोबाईलने टिपला की कविता ऐकू येई, धडा पडद्यावर दिसे. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड आले. २०२० मध्ये डिसले यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ हा पुरस्कार मिळाला. हे घडले ते सरकारी शाळेत, हे ध्यानात ठेवा.

पण पुस्तकावर कोड छापला म्हणून तो उघडणारे यंत्र गरिबाच्या घरात येत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांना उपकरण व इंटरनेट देण्याचा आदेश शाळांना दिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. तरी ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने ही डिजिटल दरी गंभीर मानून सरकारला योजना आखण्यास सांगितले. म्हणजे प्रश्न दयेचा नाही. संविधानाच्या कलम २१-अ मधील हक्काचा आहे.

आमचे म्हणणे साधे आहे. घरचा मोबाईल ज्याचा त्याचा असतो. वर्गातला पडदा सगळ्यांचा असतो. म्हणून पहिला खर्च वर्गावर व्हावा. पडदा, वीज, इंटरनेट आणि ते वापरण्याचे प्रशिक्षण घेतलेला शिक्षक, हे चारही हवेत. नाहीतर संगणक कपाटात कुलूपबंद राहतो!

यासाठी वाट पाहत बसण्याची गरज नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात, आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणशीर स्थान असते. सरकारी शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. आपल्यापैकी किती जण तिच्या बैठकीला जातात?

बंधू-भगिनींनो, जयंतीच्या वर्गणीचा हिशेब आपण चोख विचारतो. तसाच हिशेब आता शाळेच्या पडद्याचाही विचारा. आपली लेकरे पुन्हा वर्गाबाहेर बसता कामा नयेत.