दणका गाडीला, कळ कमरेला

फ्रिजला किती वर्षे झाली हे घरातल्या बाईला तोंडपाठ असते. गॅसची नळी कधी बदलली, गाद्या कधी पिंजून घेतल्या, कुकरचे रबर कधी आणले, सारे ठाऊक. पण दारातल्या गाडीचे शॉकअब्सॉर्बर शेवटचे कधी बदलले असे विचारा, तर आपणच काय, यजमानांनाही चटकन सांगता यायचे नाही. गाडी सुरू होते, पोचवते, मग आणखी काय हवे? प्रवासाहून आल्यावर मलमाची डबी शोधायची आणि ‘मेले रस्तेच असे’ म्हणून खड्ड्यांच्या नावाने बोटे मोडायची.

खड्डे आहेतच, त्याबद्दल वाद नाही. पण दहा-पंधरा वर्षे चाललेल्या गाडीत रस्त्याचा दोष किती आणि गाडीच्या झिजलेल्या सांध्यांचा किती, हे एकदा तपासून पाहायला हवे. विशेषतः ज्यांच्या दारात सुमो, बोलेरो, क्वालिस, सफारी अशी एखादी जुनी उंच गाडी आहे त्यांनी. या गाड्यांची इंजिने वर्षानुवर्षे टिकतात. त्यामुळे गाडी म्हातारी झाली हे पुढे बसणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. येते ते मागे बसणाऱ्याच्या कमरेच्या!

आमच्याकडे ही वेळ सासूबाईंमुळे आली. आम्ही राहतो कराडला, पण सासरचे मूळ घर चिपळूणजवळ. गणपती तिथेच बसतो. पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचा, हा दरवर्षीचा रस्ता. सासूबाईंना मणक्याचा त्रास. गेल्या वर्षी आषाढातच त्यांनी सांगून टाकले, “यंदा मी काही यायची नाही हं. इथूनच हात जोडीन.” लग्न होऊन आल्यापासून ज्या बाईने एकदाही गणपती चुकवला नाही, तिच्या तोंडून हे ऐकून घरात सगळेच गप्प झाले. ह्यांचे म्हणणे, गाडी विकून टाकू. थोरल्या दिरांचे म्हणणे, नवी घेऊ, हप्ते मिळून भरू. पण गाडीला पंधरा वर्षे पूर्ण झाली म्हणून पर्यावरण कर भरून, आरटीओत तपासणी करून पुढच्या पाच वर्षांची नोंदणी नुकतीच करून घेतली होती. इंजिन ठणठणीत. धाकटीच्या कॉलेजची फी तोंडावर. हप्ते कुठून भरायचे, हे विचारणारी घरात मी एकटीच. म्हटले, आधी दुरुस्तीला किती लागतात ते तर विचारू.

गॅरेजमध्ये मी स्वतः गेले. तुम्हीही जा. मेस्त्रीला नीट प्रश्न विचारले की तो आनंदाने दाखवतो, असा माझा अनुभव आहे; आणि नाही दाखवले, तर दुसरे गॅरेज बघावे.

गाडीखाली वाकून पाहिले की दोन गोष्टी दिसतात. एक स्प्रिंग, दुसरा शॉकअब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअप. दोघांची कामे अगदी वेगळी. गाडीचा भार पेलायचा आणि खड्ड्यात चाक गेले की दबून धक्का पोटात घालायचा, हे स्प्रिंगचे काम. पण दबलेली स्प्रिंग उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. झोपाळ्याला एक झोका दिला की तो किती वेळ हलत राहतो! तसा हलता झोपाळा हात लावून थांबवणारा म्हणजे शॉकअप. त्याच्या नळीत तेल असते आणि आत बारीक भोके असलेला दट्ट्या. चकलीचा सोऱ्या डोळ्यांपुढे आणा. पीठ सावकाश दाबले तर सहज उतरते, घाईने दाबले तर हाताला जोर पडतो. इथे पिठाच्या जागी तेल आणि सोऱ्या दोन्ही बाजूंनी बंद, एवढाच फरक. उसळीचा सगळा जोर त्या भोकांतून तेल ढकलण्यात खर्च होतो आणि त्याची उष्णता होते. म्हणून खराब रस्त्यावर चालून आल्यावर चांगला शॉकअप गरम लागतो. आमच्या मेस्त्रीने गाडी वीस मिनिटे फिरवून आणली आणि चारही शॉकअपना बेताने हात लावून पाहिला. मागचा डावा जवळजवळ गारच होता! “हा काही कामच करत नाही, वहिनी,” तो म्हणाला.

मागच्या बाजूला बहुतेक जुन्या गाड्यांना गोल स्प्रिंग नसते, पोलादी पाटे असतात, एकावर एक रचलेले. टांग्याखाली ज्या कमानी असत, त्यांचीच ही थोरली भावंडे. १९९४ साली आलेल्या सुमोला मागे पाटेच होते. (सुमो हे नाव जपानी पैलवानांवरून नव्हे, तर टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांच्या नावा-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून पडले, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हते.) २००० साली आलेल्या बोलेरोला आणि क्वालिसलाही पाटेच. १९९८ च्या सफारीला मात्र मागे गोल स्प्रिंगा होत्या, त्यामुळे ती त्या काळी मऊ चालीची गाडी म्हणून नावाजली गेली. सफारीला आणि क्वालिसला पुढच्या बाजूला स्प्रिंगेऐवजी पीळ घेणारा एक लांब पोलादी दांडा असतो, टॉर्शन बार म्हणतात त्याला. तो एका बोल्टने आवळून गाडी पुढून उचलता येते. कुणी उत्साहाच्या भरात ती फार उंच करून देतो म्हणाला तर नको म्हणावे, कारण चाकाला खाली जायला जागाच उरत नाही आणि दणके उलट वाढतात.

आता आपली गाडी झिजली आहे की नाही, हे घरबसल्या कसे ओळखायचे? कोपऱ्यावर दाबून सोडायचे आणि गाडी किती डुलते ते बघायचे, हा उपाय पुष्कळजण सांगतात. लहान गाडीला तो ठीक. या जडशीळ गाड्या तुमच्या-माझ्या वजनाने फारशा हलतच नाहीत. त्यापेक्षा शिवणाची टेप घ्या. गाडी सपाट जागी रिकामी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत माप घ्या. डावी-उजवी बाजू बोटभर खाली-वर असेल तर पाटा किंवा स्प्रिंग बसली आहे. शॉकअपच्या नळीवर तेलकट ओघळ आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली तर आतले सील गेले. टायरवरून तळवा फिरवा. जागोजागी खोलगट लागले, तर चाक रस्त्यावर नीट न टेकता उड्या मारते आहे असे समजावे. हे लक्षण मात्र हसण्यावारी नेऊ नका. चाक जितका वेळ रस्त्याला धरून नाही तितका वेळ ब्रेकही धरत नाही, आणि घाटात वळणावर ओल्या रस्त्यावर हे फार महाग पडते. आपल्याला कमरेचे दुखणे तेवढे जाणवते, पण खरी काळजी याचीच.

खर्चाला हात घालण्यापूर्वी एक फुकटची गोष्ट करा. टायरमधली हवा पाहा. पंपावरचा पोरगा सवयीने जास्त भरतो आणि टायर दगडासारखे होतात. चालकाच्या दाराजवळ बहुधा आकडा लिहिलेला असतो, तेवढीच भरायला सांगा. टायरच्या अंगावर चार आकडी संख्या असते. २३१८ असेल तर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. मसाल्याच्या पाकिटावरची तारीख आपण वाचतोच ना, तशीच हीही वाचावी. जुने रबर कडक होते आणि कडक टायरवर गाडी मऊ कशी चालेल?

शॉकअप साधारण ऐंशी हजार किलोमीटरपर्यंत टिकतात असे सांगतात. आपल्याकडच्या रस्त्यांवर ते त्याआधीही जातात. एकच बदलून भागत नाही, निदान पुढची किंवा मागची जोडी तरी एकदम बदलावी. एका पायात नवी चप्पल आणि एका पायात झिजलेली घालून चालल्यासारखे होते नाहीतर. दुकानदार ‘हेवी ड्यूटी’ घ्या म्हणून गळी मारतो, तेव्हा गाडीतून काय वाहायचे आहे ते त्याला विचारा. सिमेंटच्या गोणी नेणाऱ्याने घ्यावेत. आजी-नातवंडे नेणाऱ्या घराला कंपनीने मुळात दिले असतील तसेलेच बरे. हीच गोष्ट पाट्यांची. बसलेल्या पाट्यांत एक जादा पाटा टाकून देतो, असे लोहारकाम करणारे सांगतात. गाडी उचलते खरी, पण चाल बैलगाडीची होते. पुन्हा कमान मारून आणलेले जुने पाटेही फार दिवस राहत नाहीत. पाटा तडकला असेल किंवा पार बसला असेल तर नवा जोडच घ्यावा, आणि बिलावर त्याचा नंबर लिहून घ्यावा.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे रबरी बुश. प्रत्येक सांध्यात एक रबरी बांगडी असते. ती कडक होऊन तडकली की लोखंडावर लोखंड आदळते आणि टक्-टक् आवाज येतो. आवाज बंद करायला जळके ऑइल किंवा डिझेल फवारायची खोड अनेक गॅरेजवाल्यांना आहे. चार दिवस कुईकुई थांबते, पण तेलाने रबर फुगते, मऊ पडते आणि लवकर कुजते. तेव्हा धुलाईच्या वेळी ‘खालून ऑइल मारू का’ म्हणून कोणी विचारले तर स्पष्ट नाही सांगावे.

बुश बदलताना एका गोष्टीवर मात्र उभे राहून लक्ष ठेवा. गाडी जॅकवर असताना चाके खाली लोंबतात. त्या अवस्थेत बोल्ट घट्ट आवळले, की गाडी जमिनीवर टेकताच आतले रबर पिळले जाते, ओला पंचा पिळावा तसे. मग ते कायम पिळलेलेच राहते, चाल ताठर होते आणि महिन्या-दोन महिन्यांत रबर फाटते. म्हणून बोल्ट आधी नुसते लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची आणि तिचा भार पडल्यावर शेवटचे आवळायचे. हे करायला मेस्त्रीला गाडीखाली पुन्हा शिरावे लागते, म्हणून कंटाळा होतो. आमच्या मेस्त्रीला मी आधीच तसे सांगून ठेवले होते. तो हसला, पण केले त्याने.

आमच्या गाडीला चार शॉकअप, सगळे बुश आणि मागच्या डाव्या-उजव्या पाट्यांचा जोड, एवढे लागले. शेवटी चाकांचे अलाइनमेंट. थोरल्या दिरांनी नव्या गाडीचा जो हप्ता काढला होता, तसल्या अडीच हप्त्यांत सगळे बसले. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल घालून ठेवले होते, तरी दोन कापावेच लागले. कोकणात ये-जा असलेल्या गाडीला खाऱ्या हवेने हे व्हायचेच. जुने सामान मी मागून डिकीत ठेवून घेतले. मागितलेले बरे असते. काय बदलले ते डोळ्यांनी दिसते आणि भंगारवाला चार पैसेही देतो.

गणपतीला सासूबाई आल्या. कमरेचा पट्टा बांधून, डॉक्टरांना विचारून आणि मधल्या सीटवर खिडकीशी बसून. ही जागा मुद्दाम दिली होती. मागच्या चाकांच्या वर आणि त्यांच्याही मागे बसणाऱ्याला सगळ्यात जास्त उसळी बसते. दोन्ही चाकांच्या मधे कमी. सुमो-बोलेरोतल्या मागच्या आडव्या बाकांवर आपण नेहमी म्हाताऱ्या माणसांना नाहीतर पोरांना बसवतो, कारण ती कुरकुरत नाहीत. तिथे तरण्या भाच्यांना बसवावे. यंदा कोयनानगरला चहाला थांबलो तेव्हा सासूबाई कुणाचा हात न धरता उतरल्या. मणका काही बरा झालेला नाही, घाटात दोनदा “हळू रे” म्हणाल्याच. पण परतताना रातांब्यांच्या आमसुलाची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि पाटण येईपर्यंत डुलक्या घेत होत्या.

आणखी एक. पाटे बदलले की त्यांना धरून ठेवणारे यू-बोल्ट थोडे वापरल्यावर सैल पडतात, कारण नवे पाटे एकमेकांवर बसायला वेळ घेतात. काही शे किलोमीटर झाल्यावर ते पुन्हा आवळून घ्यायचे असतात. गॅरेजवाला आठवण करून देत नाही, आणि घरातली पुरुषमाणसे ‘आता तर सगळं नवं केलंय’ म्हणून टाळतात. काम दहा मिनिटांचे. दूध-पेपरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करून ठेवा.