आधी असलेलं मोजा

योजनेचा अर्ज लिहायला बसलं की गाव आपलं उणंच मांडतं. रस्ता नाही, पाणी नाही, पोरांना काम नाही. त्यात गावाचा दोष नाही, कारण निधी मिळतो तो मागासलेपणावर. पण वर्षानुवर्षं असेच अर्ज करत राहिलं की गाव स्वतःलाही त्याच नजरेनं बघायला लागतं.

अमेरिकेतल्या जॉन क्रेट्झमन आणि जॉन मॅकनाइट या अभ्यासकांनी १९९३ मध्ये पुस्तक लिहून या सवयीवर बोट ठेवलं. वस्तीत काय नाही हे विचारण्याआधी काय आहे ते मोजा, असं त्यांचं सांगणं. कुणाच्या हातात कोणतं कसब आहे, कोणती मंडळं चालू आहेत, जमीन कशी आहे, कोण कुणाच्या शब्दाला मान देतं, याची आधी नोंद करायची आणि बाहेरची मदत मागायची ती त्यानंतर. सातारा जिल्ह्याला यात फारसं नवल वाटू नये. १९१९ मध्ये इथंच रयत शिक्षण संस्था उभी करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी गरीब पोरांचे कष्ट आणि रयतेनं दिलेलं धान्य हेच भांडवल मानलं होतं.

याच जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात याचा अलीकडचा दाखला आहे. पाणी फाउंडेशन या संस्थेनं २०१६ मध्ये गावांसाठी पाणी अडवण्या-जिरवण्याच्या कामाची पहिली वॉटर कप स्पर्धा घेतली ती वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत. पहिला आला कोरेगावातला वेळू. बक्षीस ५० लाखांचं. पण बक्षीस मिळतं काम झाल्यावर, कामाच्या आधी नाही. आधी मिळालं ते प्रशिक्षण. पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि दोन काठ्या घेऊन उतारावर समपातळी रेषा कशी आखायची, समतल चर कुठं खणायचे, माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम कोणत्या क्रमानं करायचं, हे गावकऱ्यांना शिकवलं गेलं. बाकीचं गावात होतंच. पाणी कुठून वाहतं हे गुराख्याला ठाऊक असतं, कुदळ-फावडं घरोघरी असतं, आणि उन्हाळ्यात शेतीची कामं कमी असल्यानं सकाळी श्रमदानाला माणसं निघतात. दोन वर्षांनी हाच मान माण तालुक्यातल्या टाकेवाडीनं मिळवला.

यादीत सहसा न येणारी एक गोष्ट म्हणजे गाव सोडून गेलेली माणसं. कोरेगाव, खटाव, माणमधले कित्येक जण मुंबई-नवी मुंबईत माथाडी कामगार आहेत. तिकडं सांगलीतल्या खानापूर-आटपाडीचे गलाईवाले सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरलेत. सरकारी कागदावर हे ‘स्थलांतर’, म्हणजे दुखणं. गावच्या जत्रेत वर्गणीची पावती फाडताना मात्र याच माणसांचा हिशेब पहिला लागतो.

कोरेगावचा वाघ्या घेवडाही यादीत असाच राहून जातो. पावसावर, कमी दिवसांत येणारं हे पट्टेदार कडधान्य. त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. पण विहिरीला पाणी वाढलं की शेतकरी उसाकडं, आल्याकडं वळतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, पैसा तिथं आहे. तरी पाण्याची ताकद उभी करताना बियाण्याची ताकद मागं पडते, हे दिसतं.

असलेलं मोजण्याच्या या विचाराला माझा एक आक्षेप आहे. ‘गावाची ताकद’ म्हणताना ती नेमकी कुणाची, हे विचारायचं राहून जातं. चर खणायला भूमिहीनही जातो. मुरलेलं पाणी येतं विहीरवाल्याच्या विहिरीत. शिवाय सरकारला अंग काढून घ्यायला श्रमदानासारखं सोयीचं निमित्त नाही. पाण्याच्या वाटणीचा प्रश्न नीरा नदीपलीकडं पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर सोडवून दाखवला होता. त्यांच्या पाणी पंचायतीत पाण्याचा हक्क जमिनीच्या एकरांवर नव्हता, घरातल्या माणसांच्या संख्येवर होता. भूमिहीनालाही वाटा होता आणि उसाला बंदी होती.