बातमीतला बिबट्या आणि उंबरठ्यावरची मण्यार

२० फेब्रुवारी २०१९ ची पहाट. ठाण्यातील समतानगर परिसरातल्या एका मॉलच्या वाहनतळात बिबट्या फिरताना सीसीटीव्हीत दिसला आणि काही वेळातच शहरभर बातमी पसरली. तेथून तो जवळच्या एका हॉटेलच्या तळघरात जाऊन दडला. वन विभाग आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पथकाने त्याला भूल देऊन बाहेर काढले. नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेतील चिंचपाडा भागातही तसेच घडले. एका गृहसंकुलात बिबट्या शिरला, काही जण जखमी झाले आणि त्याला जेरबंद करण्यात जवळपास सारा दिवस गेला.

ठाणे, कल्याण, डोंबिवली ही शहरे जंगलापासून लांब आहेत, हा समज अशा घटनांनी मोडतो. ठाण्याच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर आहेत आणि ते सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहेत. पूर्वेला खाडी आणि कांदळवन. कल्याणच्या अंगाला उल्हास नदी, हाजीमलंगचे डोंगर आणि आता टॉवरच्या सावलीत आलेली भातशेती. घोडबंदर रोडवरील संकुल असो वा डोंबिवलीच्या वेशीवरची नवी वसाहत, कुंपणापलीकडे कोणाचे तरी घर आधीपासून होते. त्यामुळे वन्यप्राणी दिसणे ही येथे अपवादाची गोष्ट नाही. प्रश्न एवढाच, की दिसल्यावर काय करायचे आणि खरी भीती कशाची बाळगायची.

‘पकडून न्या’ हा उपाय का फसतो?

बिबट्या दिसला की पहिली मागणी होते ती पिंजरा लावण्याची. पकडून लांबच्या जंगलात सोडला की प्रश्न मिटला, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण या समजुतीची परीक्षा महाराष्ट्रातच झाली आहे. २००१ नंतर जुन्नर परिसरात मोठ्या संख्येने बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्यात आले. वन्यजीव अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या काळातील नोंदी तपासल्या, तेव्हा उलटेच चित्र समोर आले. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते, ते सतरापर्यंत गेले. शिवाय त्यातील जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाणही वाढले.

कारण समजण्यासारखे आहे. बिबट्याला स्वतःचा इलाखा असतो. कुठे माणसांची वर्दळ असते, कोणत्या वाटेने रात्री सुरक्षित जाता येते, हे त्याला ठाऊक असते. अनोळखी जागी सोडलेला प्राणी बिथरतो, परत फिरू पाहतो, वाटेत वस्त्यांमध्ये अडकतो. त्याच्या रिकाम्या जागेत दुसरा, बहुधा तरुण बिबट्या येतो. राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातही २००२ ते २००४ या काळात हल्ले फार वाढले होते. पुढे २०११ पासून वन विभाग, अभ्यासक आणि नागरिकांनी मिळून वस्त्यांमध्ये जाऊन बोलणे, कचरा कमी करणे, बचाव पथक सक्षम करणे यावर भर दिला.

याच उद्यानाशी निगडित २०१८ च्या एका शोधनिबंधाने आरोग्याच्या अंगानेही विचार मांडला. येथील बिबट्यांच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. ते वर्षाकाठी सुमारे दीड हजार कुत्री खात असावेत आणि त्यामुळे कुत्रा चावण्याच्या हजारभर घटना टळत असाव्यात, असा त्या संशोधकांचा अंदाज आहे. हा अंदाजच आहे. पण त्यातून एक साखळी दिसते. उघडा कचरा कुत्र्यांना पोसतो आणि कुत्री बिबट्याला वस्तीजवळ आणतात.

प्रत्यक्ष बिबट्या दिसलाच, तर धोका वाढवते ती बहुधा गर्दी. कोंडीत सापडलेला प्राणी निसटण्यासाठी अंगावर येतो. भुलीचे इंजेक्शन लागल्यावरही औषधाचा अंमल चढायला काही मिनिटे लागतात आणि आरडाओरड्याने बिथरलेल्या जनावरावर तो आणखी उशिरा चढतो. म्हणून गच्चीतून मोबाइल धरून उभी असलेली माणसे पथकाचे काम अवघड करतात. दारे-खिडक्या लावून घरात थांबणे, मुलांना आत घेणे, त्याला निघून जाण्यासाठी वाट मोकळी ठेवणे आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवणे, इतकेच नागरिकांचे काम.

गाजावाजा न करता येणारा पाहुणा

बिबट्याची बातमी होते. सापाची रोजची असते. पण आरोग्याच्या हिशेबात पारडे उलटे आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातील जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतले. बहुतेक बळी ग्रामीण भागातले होते, हे खरे. पण कल्याण-डोंबिवलीच्या कडेची गावे, चाळी, बांधकाम मजुरांच्या झोपड्या आणि तळमजल्यावरची घरे यांची स्थिती खेड्यापेक्षा फार वेगळी नसते. पावसाने बिळे भरतात, साप कोरडी जागा शोधतात आणि उंदरांच्या मागावर घरात येतात.

या भागात दिसणारे बहुतेक साप बिनविषारी. धामण, दिवड, कवड्या, तस्कर, अजगर यांच्या चाव्याने विषबाधा होत नाही. जीवघेण्या दंशांना मुख्यतः चार साप कारणीभूत ठरतात : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नाग फणा काढतो, घोणस कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार सोडते, फुरसे अंगाचे खवले घासून करकर आवाज करते. मण्यार मात्र काहीच सांगत नाही.

मण्यार निशाचर. काळसर, चकचकीत अंगावर पांढरे बारीक पट्टे, जे शेपटीकडे ठळक आणि डोक्याकडे पुसट होत जातात. बिनविषारी कवड्याचे पट्टे याच्या उलट, मानेपाशी ठळक असतात. मात्र जवळ जाऊन पट्टे मोजण्याचा मोह कोणी करू नये. मण्यार रात्री उंदीर, पाली, इतर साप शोधत हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. झोपेत कूस बदलली की चावते. तिचे दात इतके बारीक, की अनेकदा खूण दिसत नाही. सूज नाही, फारशी आगही नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, घसा धरतो. घरच्यांना वाटते पित्त झाले, जेवण बाधले. मग पापण्या जड होऊन खाली येतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात.

म्हणूनच पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या कोणाला पहाटे अकारण पोटदुखी होऊन डोळे मिटू लागले, तर चाव्याची खूण नसली तरी मण्यारीचा संशय घ्यावा. दुखणे ओळखायला लागलेला एक तास येथे निर्णायक ठरू शकतो.

विष आणि वेळ

मण्यारीचे विष मज्जातंतूंच्या टोकांनाच इजा करते. त्यामुळे मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोहोचत नाही. नागाचे विषही स्नायू लुळे पाडते, पण ते स्नायूच्या बाजूला चिकटते आणि त्यावर निओस्टिग्मिनसारख्या औषधाचा चांगला उपयोग होतो. मण्यारीत टोकेच बिघडलेली असल्याने ती सावरेपर्यंत रुग्णाला कधी कधी काही दिवस कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते. घोणस आणि फुरशाचे विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते. घोणसदंशात मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. रुग्णालयात काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटे स्थिर ठेवतात. ते गोठले नाही, तर विष भिनल्याचे कळते. इतकी साधी ही चाचणी आहे.

उपाय एकच : सर्पदंशावरील प्रतिविष. घोड्यांना विषाच्या छोट्या मात्रा टोचून त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांपासून ते तयार होते. भारतात मिळणारे प्रतिविष वरील चारही सापांच्या विषावर चालते, त्यामुळे साप मारून रुग्णालयात नेण्याची गरज नाही. त्या खटाटोपात दुसऱ्यालाही दंश होतो. लांबून फोटो मिळाला तर उत्तम, नाही तर लक्षणांवरून डॉक्टर ठरवतात. लहान मुलालाही प्रौढाइतकीच मात्रा लागते, कारण साप विष सोडताना समोरच्याचे वजन पाहत नाही. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष भिनतेच असे नाही. म्हणून लक्षणे दिसली तरच प्रतिविष देतात. पण सुरुवातीला बरे वाटले तरी चोवीस तास रुग्णालयातच देखरेखीखाली राहावे. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला बांधते; पेशींवर आधीच झालेली इजा ते परतवू शकत नाही. वेळेचे मोल आहे ते यासाठी.

दंश झाल्यावर रुग्णाला धीर द्यावा, चालू देऊ नये. हाड मोडल्यावर देतात तसा फळी-कापडाचा आधार देऊन दंशाचा अवयव स्थिर ठेवावा. अंगठी, बांगड्या, पैंजण, घड्याळ काढावे. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने निघावे. दोरीने करकचून बांधणे, ब्लेडने कापणे, तोंडाने विष ओढणे, बर्फ लावणे यांतले काहीही करू नये. करकचून बांधलेल्या दोरीने हात किंवा पाय गमावण्याची वेळ येते. मंत्र उतरवणाऱ्याकडे गेलेला वेळ परत मिळत नाही. बिनविषारी साप चावलेला माणूस तेथे ‘बरा’ होतो, आणि त्यावरच त्यांची कीर्ती उभी असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले. २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणणे हे त्याचे उद्दिष्ट. त्यासाठी प्रतिविषाचा साठा आणि ते देणारे प्रशिक्षित हात जवळच्या रुग्णालयात चोवीस तास असणे आवश्यक आहे. प्रतिविष आणि कृत्रिम श्वासाची सोय आपल्या भागात रात्री दोन वाजता कुठे मिळेल, याची चौकशी प्रत्येक गृहसंस्थेने पावसाळ्याआधीच करून तो क्रमांक सूचना फलकावर लावावा.

माकड, मुंगूस आणि रेबीज

येऊर, उपवनच्या बाजूच्या सोसायट्यांमध्ये माकडांचा उपद्रव नवा नाही. केळी-बिस्किटे घालणाऱ्या हातांनीच त्यांची भीड चेपली आहे. माकड, मुंगूस, कोल्हा यांच्यापैकी कोणीही चावले किंवा ओरबाडले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. वन्य सस्तन प्राण्याचा चावा सर्वांत गंभीर श्रेणीत धरतात, म्हणजे लशीबरोबर जखमेत तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते. हळद, चुना, तिखट जखमेत भरू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळपास अशक्य. पण वेळेवर पूर्ण केलेली लस हा आजार रोखते.

घराची तटबंदी

फिनेल, कार्बोलिक ॲसिड किंवा लसणाचे पाणी शिंपडून साप दूर राहतात, या समजाला आधार नाही. उपयोगी पडतात त्या कंटाळवाण्या गोष्टी : उंदरांना पोसणारा कचरा रोज उचलणे, भंगार आणि विटांचे ढीग हटवणे, दाराखालची फट बुजवणे, सांडपाण्याच्या नळ्यांना जाळी लावणे, खिडकीला टेकलेल्या फांद्या छाटणे. बाहेर ठेवलेले बूट झटकून घालावेत, रात्री विजेरीशिवाय बाहेर पडू नये. आणि जमिनीवर झोपावेच लागले, तर मच्छरदाणी चारही बाजूंनी अंथरुणाखाली खोचावी. नेपाळमध्ये झालेल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश लक्षणीय कमी झाल्याचे दिसले. डेंग्यू, मलेरियासाठी घेतलेले तेच कापड मण्यारीलाही अडवते.

साप घरात आलाच, तर लांबून नजर ठेवून वन विभागाला किंवा त्यांच्याकडे नोंदणी असलेल्या सर्पमित्राला बोलवावे. गळ्यात साप घालून फोटो काढणाऱ्याला बोलावू नये. सापाला मारणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय एक धामण वर्षभरात जितके उंदीर फस्त करते, तितके कोणताही सापळा पकडत नाही. शहर वाढत राहणार आणि त्याच्या कडेला जंगलही असणार. तेव्हा प्रत्येक पावसाळ्यापूर्वी गच्चीची गळती तपासतो, तशी दाराखालची फट आणि रुग्णालयाचा क्रमांकही तपासायला हवा.