टोमॅटो, मीठ आणि रक्तदाब

कांदा-लसूण नसलेल्या स्वयंपाकघरात रस्सा दाट करण्याचे आणि त्याला आंबटगोड चव देण्याचे काम बहुधा टोमॅटोच करतो. अष्टमी-चतुर्दशीला इतर भाज्यांबरोबर तो बाजूला राहतो, आणि बहुबीज म्हणून काही घरे तो कायमचाच टाळतात. पण इतरांच्या घरी बाजारातून किलो-दोन किलो टोमॅटो आल्यावाचून आठवडा सरत नाही. याच घरांतून पन्नाशी ओलांडलेल्या कर्त्या माणसाच्या उशाशी रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टीही दिसते. दिवसभराची गादीवरची बैठक, वसुलीची चिंता, दुपारच्या जेवणाला वेळेचा ठिकाणा नाही. अशा माणसाला टोमॅटोने रक्तदाब उतरतो असे कोणी सांगितले, तर ते ऐकायला गोड वाटते.

त्यात तथ्य आहे, पण मर्यादेत. स्पेनमध्ये हृदयविकाराचा धोका असलेल्या सात हजारांहून अधिक प्रौढांच्या आहाराची काही वर्षे नोंद ठेवण्यात आली. त्यावरील अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. आरंभी ज्यांना उच्च रक्तदाब नव्हता, त्यांच्यापैकी रोज 110 ग्रॅमहून अधिक टोमॅटो खाणाऱ्यांना तो जडण्याची शक्यता 44 ग्रॅमहून कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत 36 टक्क्यांनी कमी आढळली. 110 ग्रॅम म्हणजे एखादा मोठा टोमॅटो. अर्थात, टोमॅटो भरपूर खाणारा माणूस इतर भाज्याही भरपूर खात असतो. तेव्हा सारे श्रेय एकट्या टोमॅटोला देता येत नाही.

इस्रायलमधील बीरशेबा येथे याहून नेमका प्रयोग झाला. सौम्य उच्च रक्तदाबाच्या 31 रुग्णांना आठ आठवडे टोमॅटोच्या अर्काची कॅप्सूल देण्यात आली. वरचा आकडा सरासरी 144 वरून 134 वर आला, खालचा 87 वरून 83 वर. आकडे उत्साह वाढवणारे आहेत. मात्र रुग्ण मोजके होते आणि त्यांना दिला तो अर्क होता, ताटातली कोशिंबीर नव्हे. जपानमधील कुरियामा गावी लोकांनी वर्षभर टोमॅटोचा रस घेतला. त्यांच्यापैकी रक्तदाब वाढलेल्या, पण औषध न घेणाऱ्या 94 जणांचा वरचा आकडा सरासरी 141 वरून 137 वर उतरला. तुलनेसाठी रस न घेणारा गट तेथे नव्हता. तरी त्या प्रयोगातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे: तो रस बिनमिठाचा होता.

खरी गोम येथेच आहे. शंभर ग्रॅम टोमॅटोत सुमारे 240 मिलिग्रॅम पोटॅशियम असते, तर सोडियम जेमतेम 5 मिलिग्रॅम. पोटॅशियममुळे मूत्रपिंडे जादा सोडियम बाहेर टाकतात आणि रक्तवाहिन्यांचा ताण सैल होतो. टोमॅटोला लाल रंग देणारे लायकोपीन रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला जपते, असे मानले जाते. ते तेलात शिजवल्यावर शरीरात अधिक शोषले जाते. म्हणजे फोडणीत परतलेला टोमॅटो मुळीच वाया जात नाही. परंतु त्याच टोमॅटोवर चिमूट-दोन चिमूट मीठ पडले, सोबतीला पापड आणि लोणचे आले, चार वाजता चहाबरोबर शेव-फरसाणाची बशी आली, की टोमॅटोने कमावलेले सारे मिठाच्या खाती जमा होते. हा व्यवहार तोट्याचा आहे, हे व्यापाऱ्याला वेगळे समजावून सांगायला नको.

दिवसभरात सर्व पदार्थांतून मिळून 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पोटात जावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा. बाटलीतल्या टोमॅटो सॉसच्या एका मोठ्या चमच्यातच साधारण 150 मिलिग्रॅम सोडियम असते; पाकिटातील सूपही मिठाच्या बाबतीत हात आखडता घेत नाही. सैंधव रक्तदाबाला चालते, हा समज तर घरोघरी आहे. सैंधव असो वा पादेलोण, त्यातील मुख्य घटक सोडियम क्लोराइडच. कोशिंबिरीत मिठाऐवजी लिंबू, भाजलेल्या जिऱ्याची पूड, दाण्याचे कूट आणि कोथिंबीर घातली, तर पंधरवड्यात जिभेला तीच चव रुचू लागते. ज्यांचा टोमॅटोचा त्याग आहे, त्यांनाही पोटॅशियम केळी, शहाळ्याचे पाणी, मूग आणि तूर यांतून मिळते. त्यांचे काही अडत नाही.

खरा धोका आहे तो गोळी सोडून देण्याचा. उच्च रक्तदाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही; त्यामुळे आठ दिवस टोमॅटोचा रस घेतला, बरे वाटले आणि गोळी थांबवली, असे सहज घडते. वरचा आकडा 170 असलेल्याला चार-पाच अंकांची घट पुरत नाही, आणि थांबवलेल्या गोळीची किंमत कधीकधी अर्धांगवायूने मोजावी लागते. टोमॅटो गोळीच्या जोडीला घ्यावा, तिच्या जागी नव्हे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र टोमॅटो किती खावा, हे आधी डॉक्टरांना विचारावे. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या गोळ्यांनी रक्तातील पोटॅशियम वाढू शकते. त्या चालू असताना रोज पेलाभर टोमॅटोचा रस किंवा पोटॅशियमयुक्त कमी सोडियमचे मीठ सुरू करण्यापूर्वी रक्ततपासणीविषयी डॉक्टरांशी बोलून घ्यावे.