तिथीची पाऊणपट आणि सातवीचा वर्ग

अष्टमीला भरती किती वाजता? आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला. चतुर्थीला? चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला. कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना हा हिशेब विचारावा लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ आली. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. ज्या पिढीनं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकली होती तिला हा गुणाकार तोंडपाठच होता.

आता हाच नियम सातवीच्या गणिताच्या पुस्तकात घालून पाहा. ‘तिथी अष्टमी असल्यास भरतीची वेळ तिथीच्या तीन चतुर्थांशाने काढा. गुण 1.’ समुद्र आला, कोकण आलं, परंपरा आली, आणि मुलानं काय केलं? आठाला तीनानं गुणून चारानं भागलं. समुद्राऐवजी शेंगदाणे असते तरी चाललं असतं. आपल्या शाळांत ‘व्यवहारातलं गणित’ म्हणून जे चालतं त्यातलं बरंचसं या जातीचं आहे. एका नळानं हौद भरायचा आणि त्याच वेळी दुसऱ्या नळानं तो रिकामा करायचा, असा घरमालक मी तरी अजून पाहिलेला नाही.

याच्या उलट टोकाला ज्याला इंग्रजी शाळांत ‘परफॉर्मन्स टास्क’ म्हणतात ते काम येतं. नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 साली आलं तेव्हापासून क्षमताधारित मूल्यमापनाची भाषा जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंत पोचली आहे. परिपत्रकं पोचली तशी कामं मात्र पोचली नाहीत, कारण अशी कामं मुंबई-पुण्याहून छापून येऊ शकत नाहीत. ती गावातच घडवावी लागतात. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ग्रँट विगिन्स यांनी त्यासाठी साधी चौकट सांगितली: काम कशासाठी, मूल कोणाच्या भूमिकेत, ऐकणारा कोण, परिस्थिती कोणती, हातात काय तयार व्हायला हवं आणि ते कशावर तपासायचं. यातलं ‘ऐकणारा कोण’ हे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. उत्तर फक्त गुरुजींना द्यायचं असेल, तर मूल गुरुजींच्या मनातलं उत्तर शोधतं.

भरतीचाच नियम घेऊ आणि त्यातून काम घडवू. खाडीच्या खडकांवर कालवं काढायला बायका सुकतीला जातात. काम असं: ‘पुढच्या पंधरवड्यात कालवं काढायला कोणत्या दिवशी, किती वाजता जावं याचं वेळापत्रक एका पानावर करा. सकाळी सातपूर्वी आणि संध्याकाळी पाचनंतर जाता येणार नाही. तुमचं पान अशा कामाला जाणाऱ्या एखाद्या मावशींना वाचून दाखवा आणि त्या काय म्हणतात ते लिहा.’ एवढंच. कोणता धडा, कोणतं सूत्र, काही सांगायचं नाही.

बहुतेक गट पहिल्या तासात तक्ता करतील. द्वितीयेला भरती दीडला, सुकती साडेसातला. तृतीयेला सव्वादोन आणि सव्वाआठ. चतुर्थीला तीन आणि नऊ. अष्टमीला भरती सहाला, सुकती बाराला. मुलं खूश होतात, कारण अष्टमीची सुकती ऐन दुपारी, शाळा-स्वयंपाक आटोपून जायला उत्तम. आणि इथंच काम त्यांना अडवतं. अष्टमीला भांग असतो. चंद्र आणि सूर्य त्या दिवशी एकमेकांशी काटकोनात ओढतात, त्यामुळे पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही. बाराला जाऊन खडक उघडेच पडले नाहीत तर करायचं काय? उधाण असतं अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. पाणी तेव्हा खूप आत जातं, पण ती सुकती येते पहाटे आणि संध्याकाळी, बंदी घातलेल्या वेळेत. म्हणजे वेळ सोयीची तेव्हा पाणी सोयीचं नाही, आणि पाणी सोयीचं तेव्हा वेळ नाही. मार्ग निघतो मधल्या तिथींना. उधाणाचा जोर अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सर्वाधिक असतो. म्हणून द्वितीया ते चतुर्थी, सकाळी साडेसात ते नऊ, हे दिवस चांगले. कोणी पंचमी धरेल, कोणी द्वितीया सोडेल. दोन्ही बरोबर असू शकतात; कारण मात्र द्यावं लागेल.

मावशींना हे सगळं आधीच माहीत असतं, हा या कामाचा खरा फायदा. मुलांचं उत्तर तपासणारा माणूस मुलांपेक्षा, आणि बहुधा शिक्षकांपेक्षाही, जास्त जाणतो.

दुसरा टप्पा आठवी-नववीसाठी. पाऊणपटीनं पौर्णिमेची भरती येते सव्वाअकराला. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, एक पाऊणे पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. रोज पाऊण तासानं पुढं सरकणारा समुद्र त्या एका रात्रीत दीड तास उडी मारतो का? मारत नाही. उडी नियमात आहे. चंद्र सूर्यापासून एका तिथीत 12 अंश पुढं जातो. 24 तासांत 360 अंश, म्हणजे 12 अंशांना 48 मिनिटं. पाऊण तास म्हणजे 45. रोज तीन मिनिटं कमी पडतात, पंधरा तिथींत पाऊण तास साचतो, आणि पक्ष बदलताना तो हिशेबात एकदम वसूल होतो. मग पाऊणपटीऐवजी चार पंचमांश घ्यावं का? गणितानं हो. पण चार पंचमांशाचा पाढा कोणी पाठ केला होता? डोक्यात चटकन होणारा आणि होडी ओढायला पुरेसा बरोबर असा नियम पूर्वजांनी निवडला, आणि निवड शहाणपणाची होती. मॉडेल म्हणजे काय आणि ते कुठवर ताणायचं, हे शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं काढतं. ती शेजारी ठेवून आलेख काढला की आणखी एक गंमत दिसते: उधाणाच्या दिवसांत रोजचा उशीर 48 मिनिटांपेक्षा कमी असतो, भांगाच्या दिवसांत तासावर जातो. आपल्या सरळ रेषेला समुद्र थोडी वाकवतो. पावसाळ्यात यातलं सगळं काम वर्गात, कागदावर; खाडीवर मुलांना नेण्याचं धाडस कोणी करू नये.

आता पाण्याचाच दुसरा विषय, आणि रत्नागिरीकरांना तो बोचणारा आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये टँकर फिरतात. जांभा दगड पाणी धरत नाही, उतार पाणी थांबू देत नाही. काम असं: ‘शाळेच्या छपरावरचं पाणी साठवून उन्हाळ्यातली पिण्याच्या पाण्याची गरज भागेल का? शाळा व्यवस्थापन समितीसमोर पाच मिनिटांत मांडा.’ एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी. हे एकदा उमगलं की पुढचं मुलं ओढत नेतात. समजा छप्पर 20 मीटर बाय 8 मीटर, म्हणजे 160 चौरस मीटर. पाऊस 3,000 मिलिमीटर धरला तर 4 लाख 80 हजार लिटर. गळती, उडणारं, पहिल्या पावसाचं सोडून द्यायचं असं वजा करून ऐंशी टक्के धरले तरी 3 लाख 84 हजार. 120 मुलं, माणशी 5 लिटर, शाळेचे 50 दिवस: गरज 30 हजार लिटर. पाऊस गरजेच्या बारा पटींहून जास्त!

बहुतेक मुलं इथं थांबतात, आणि बहुतेक शिक्षकही ‘शाब्बास’ म्हणून मोकळे होतात. पण 30 हजार लिटरला छप्पर लागतं किती? साडेबारा चौरस मीटर. एका वर्गाच्या कोपऱ्यावरचे पत्रे पुरतात. अडचण पावसाची नाही, छपराचीही नाही. सप्टेंबरात भरलेलं पाणी मेपर्यंत ठेवायला 30 घनमीटरची टाकी लागते, 4 बाय 3 बाय अडीच मीटर. ती कुठं बांधायची, चिऱ्याची की सिमेंटची, चिरे किती लागतील, खर्च किती? चिऱ्याचं माप खाणीगणिक बदलतं, तेव्हा ते जाऊन मोजा, पुस्तकातून घेऊ नका. घनफळाचा धडा असा अंगाशी आला की विसरला जात नाही.

आंब्याच्या पेटीचं गणित सगळ्यांना आधी सुचतं, म्हणून त्याबद्दल थोडंच. डझनाचा भाव गुणिले डझन, वजा भाडं, हमाली, दलाली: हे पुन्हा शेंगदाण्याचंच गणित झालं. आंबा कामाला येतो तो फळाच्या प्रतवारीत, आढीत खराब होणाऱ्या फळांत आणि दिवसागणिक उतरणाऱ्या भावात. ‘या आठवड्यात वाशीला पाठवू की आठ दिवस थांबून घरगुती गिऱ्हाइकाला देऊ’ असा प्रश्न असेल तर घ्या, नाहीतर आंबा खाऊन टाकलेला बरा.

बाहेरच्या जगातलं एक उदाहरण मात्र आपल्याकडे जास्त शोभतं. पंधरा वर्षांच्या मुलांसाठी ‘पिसा’ ही आंतरराष्ट्रीय चाचणी 2000 पासून घेतली जाते. तिच्या 2003 च्या प्रश्नांत चालणाऱ्या माणसाच्या पाऊलखुणांचं चित्र होतं आणि सोबत सूत्र: मिनिटाला पडणारी पावलं भागिले पावलाची लांबी मीटरमध्ये, उत्तर सुमारे 140. मिनिटाला 70 पावलं टाकणाऱ्याचं पाऊल किती लांब? अर्धा मीटर. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर, ओल्या वाळूत चित्राची गरज काय? पाऊलखुणा मोजा, घड्याळ लावा आणि ते 140 आपल्याला लागू पडतं का पाहा. सूत्र पुरुषांसाठी दिलेलं होतं. सातवीच्या मुलींसाठी आकडा किती येतो, हे त्यांनी सांगावं. हवं तर पुढं जा: दापोली तालुक्यातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे शाळकरी वयात परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत पायी गेले होते, आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. पुढं ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला लागले. त्या वाटेवर त्यांची पावलं किती पडली असतील, अंदाज करा.

पिसात भारताच्या वतीनं हिमाचल आणि तमिळनाडू ही दोन राज्यं एकदा उतरली आणि यादीच्या तळाशी राहिली. इकडं 2012 साली रत्नागिरीत विभागीय मंडळ आलं तेव्हापासून दहावीच्या निकालात कोकण विभागाचा पहिला नंबर जणू ठरलेला. कोकणातली मुलं अभ्यासाला वाकडी नाहीत, हे त्यातून सिद्ध होतं. परीक्षा त्यांना दुसरं काही विचारत नाही, हेही होतं.

तपासायचं कसं, हा शिक्षकांचा पहिला आक्षेप असतो आणि तो रास्त आहे. पन्नास मुलं, बारा गट, प्रत्येकाचं उत्तर वेगळं. उपाय एकच: काम देण्याआधी शिक्षकानं ते स्वतः पुरं सोडवावं आणि निकष लिहून मुलांना आधीच दाखवावेत. प्रश्न नीट पकडला का, योग्य गणित निवडलं का, आकडेमोड बरोबर आहे का, आणि ज्याच्यासाठी केलं त्याला समजेल असं सांगितलं का. माझ्या मते आकडेमोडीला या चारांत सर्वांत कमी गुण द्यावेत. पाणी माणशी पाचऐवजी तीन लिटर धरणारा गट चुकलेला नाही, त्यानं कारण दिलं असेल तर. घनमीटरला शंभर लिटर धरणारा चुकलेला आहे. हा फरक ज्याला तपासताना करता येतो त्याला असं काम देता येतं. आणि गटात एकच हुशार मूल सगळं करतं, हे खरंच आहे. म्हणून शेवटी प्रत्येकाला वेगवेगळा एक छोटा प्रश्न विचारावा: ‘अष्टमी का वगळलीस?’

दहावीच्या गणितात लेखी 80 आणि अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण असतात. खालच्या वर्गांत आकारिक मूल्यमापन आहेच. नवी तासिका, नवं अनुदान, नवं पुस्तक, यातलं काही लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरं सत्र सुरू होईल तेव्हा प्रत्येक गणित शिक्षकानं आपल्या गावातलं एकच काम घडवावं, वर्षभर सुधारावं आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत शेजारच्या शाळेला द्यावं. दहा शाळांची दहा कामं जमली की तालुक्याला दोन वर्षं पुरतील.