तळ्याकाठची प्रतीक्षा

गावाबाहेरच्या तळ्याकाठी, झाडाच्या सावलीत, हातात गळाची काठी धरून तासन्‌तास स्वस्थ बसलेला मनुष्य तुम्ही पाहिला असेल. दिवस मावळला की मिळालेले दोन-चार मासे घेऊन तो घरी जातो आणि रात्री घरात त्यांचे कालवण होते. इंग्लंडमधील खेड्यांतही लहान लहान तळ्यांच्या काठी अशीच माणसे बसलेली दिसतात. परंतु त्यांच्यापैकी पुष्कळ जण संध्याकाळी रिकाम्या हातांनी परततात. मासा गळाला लागला, तरी ते त्याला पुन्हा पाण्यात सोडून देतात. सोडूनच द्यावयाचा, तर मासा धरावयाचा कशासाठी, असा प्रश्न तुम्हांला पडेल. त्याचे उत्तर मिळविण्यासाठी त्या तळ्यांची आणि त्यांतील माशांची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

ब्रिटनमधील गळ टाकणारे लोक गोड्या पाण्यातील माशांचे दोन वर्ग मानतात. सामन आणि ट्राउट हे स्वच्छ, थंड पाण्यात राहणारे रुचकर मासे एका वर्गात मोडतात. कार्प, टेंच, ब्रीम, रोच, पर्च, पाईक इत्यादी मासे दुसऱ्या वर्गातले. या दुसऱ्या वर्गाला तेथील भाषेत ‘भरड मासे’ अशा अर्थाचे नाव आहे. त्यांपैकी कार्प हा मूळचा ब्रिटनचा नव्हे. मध्ययुगाच्या अखेरीस तो युरोपच्या मुख्य भूमीवरून तेथे आला आणि खाण्यासाठी तळ्यांत पाळला जाऊ लागला. पुढे समुद्रातील ताजी मासळी आगगाडीने गावोगाव येऊ लागली, तेव्हा तळ्यातील माशाला स्वयंपाकघरात मान उरला नाही. आपल्याकडील रोहू, कटला आणि मृगळ हे मासे याच कार्पच्या कुळातले आहेत.

कार्प हा मोठा सावध प्राणी आहे. त्याच्या ओठांजवळ मिशांच्या दोन जोड्या असतात. त्यांच्या साहाय्याने तो तळाच्या चिखलात अन्न शोधतो. त्याच्या तोंडात दात नसतात. ते घशात असतात. चिखलासकट अन्न तोंडात ओढून घ्यावे, नको असेल ते बाहेर टाकावे आणि उरलेले घशातील दातांनी चिरडावे, अशी त्याची रीत. त्यामुळे आमिषात काही वावगे जाणवले, तर तो ते तत्काळ थुंकून टाकतो. त्याच्या पोटातील हवेची पिशवी लहान हाडांच्या साखळीने कानाशी जोडलेली असते. म्हणून काठावर पडलेले जड पाऊलही त्याला पाण्यात जाणवते. अशा माशाला धरावयाचे असेल, तर प्रथम त्याच्या सवयी जाणून घ्याव्या लागतात. पाण्यावर बुडबुडे कोठे येतात, वारा कोणत्या दिशेचा आहे, पाणी किती उबदार आहे, या सर्वांकडे लक्ष द्यावे लागते. थंडीच्या दिवसांत कार्प फारसे खात नाही. उन्हाळ्यात मात्र पहाटे आणि रात्री तो काठाजवळ चरावयास येतो.

इंग्लंडच्या पश्चिम भागात हेरफर्डशर परगण्यात रेडमायर नावाचे एक तळे आहे. त्याचा विस्तार जेमतेम तीन एकरांचा. १९३४ साली त्यात पन्नास लहान कार्प सोडण्यात आले. त्यानंतर बरीच वर्षे त्या तळ्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही; मासे मात्र वाढत राहिले. मोठा कार्प गळाने धरणे जवळजवळ अशक्य आहे, अशी त्या काळी समजूत होती. रिचर्ड वॉकर नावाच्या अभियंत्याला ती पटली नाही. त्याने माशांच्या सवयींचा अभ्यास केला. बांबूच्या चिरफळ्या एकमेकींना चिकटवून त्याने लवचिक पण बळकट काठी तयार केली. दोरी ओढली गेली की अंधारातही सूचना मिळावी, यासाठी त्याने विजेवर वाजणारे एक साधनही बनविले. १३ सप्टेंबर १९५२ रोजी पहाटेच्या अंधारात रेडमायरच्या काठी त्याच्या गळाला एक प्रचंड कार्प लागला. पीट थॉमस या मित्राच्या मदतीने त्याने तो काठावर घेतला. त्याचे वजन ४४ पौंड, म्हणजे जवळजवळ वीस किलोग्रॅम भरले. ब्रिटनमध्ये तोवर एवढा मोठा कार्प गळाने कोणी धरलेला नव्हता. वॉकरने त्याला मारले नाही. तो मासा लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जिवंत पोहोचविण्यात आला आणि तेथे तो १९७१ पर्यंत जगला. पुढे १९८० मध्ये ख्रिस येट्स याने याच तळ्यात ५१ पौंड ८ औंस वजनाचा कार्प धरला. तो त्याने तळ्यातच सोडून दिला.

मासा सोडून देण्याचेही शास्त्र आहे. माशाच्या खवल्यांवर एक बुळबुळीत थर असतो. तो रोगजंतूंपासून त्याचे रक्षण करतो. कोरड्या हातांनी धरल्यास हा थर निघून जातो. म्हणून हात आधी ओले करतात. माशाला खडकाळ जमिनीवर न ठेवता ओल्या, मऊ चटईवर ठेवतात, गळ हलकेच काढतात आणि त्याला विलंब न लावता पाण्यात सोडतात. इंग्लंडमधील नद्यांत १५ मार्च ते १५ जून या काळात हे भरड मासे धरण्यास कायद्याने बंदी आहे, कारण त्यांपैकी बहुतेकांचा अंडी घालण्याचा काळ या सुमारास येतो. एवढी काळजी घेतली, तरी गळाने माशाला इजा होतेच, आणि केवळ करमणुकीसाठी ती करू नये, असे म्हणणारे लोकही आहेत. त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. परंतु हेही खरे की, तळ्याचे पाणी दूषित झाले किंवा मासे मरू लागले, तर ते पुष्कळदा सर्वांआधी काठावर बसणाऱ्या या माणसांच्याच ध्यानात येते. ज्याची ओळख होते, त्याची काळजी वाटू लागते.

आपल्याकडे मासे धरून पोट भरणारी ढीवर-भोयांची हजारो कुटुंबे आहेत. धरलेला प्रत्येक मासा त्यांनी सोडून द्यावा, असे कोणी म्हणणार नाही. पण मोठ्या आसाचे जाळे वापरले, तर लहान पिले त्यांतून निसटतात आणि पुढील वर्षी मोठी होतात. पावसाळ्याच्या आरंभी ओढ्यांतून वर येणारे चढणीचे मासे अंड्यांनी भरलेले असतात. ते सारेच धरले, तर पुढे तळ्यात काय उरणार? मासा सोडून देणारा इंग्लंडमधील मनुष्य आणि पिलांना वाट देणारा आपल्या गावचा ढीवर यांना तळ्याने एकच धडा शिकविला आहे. तळ्यातून आपण काय घेतो, याइतकेच त्यात काय राहू देतो, हेही महत्त्वाचे असते.